उंटाच्या मानेचं चामडं

माणसं आठवणी लिहायला बसली की आपण लहानपणी किती गुणी होतो तेच सांगतात. मी गुणी नव्हते. मी जळकी होते. नवाल नावाची मुलगी आमच्या घरात पहिल्यांदा येऊन बसली, तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षभर थांबलं नाही. तिचा दोष काय? काहीच नाही. दिसायला नीटस, बोलायला गोड, मोठ्यांच्या पाया पडावं तशी वाकून सलाम करायची. अशा मुलींचा तर जास्तच राग येतो.

आम्ही तेव्हा कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मदला राहायचो. एका जुन्या व्हिलाचे मालकाने प्लायवूडच्या भिंती घालून पाच तुकडे केले होते. त्यातला मागचा तुकडा आमचा. दोन खोल्या, एक मोरी आणि अर्धं अंगण. अंगणात बाबांनी पत्र्याची शेड घातली होती. पलीकडे एका कतारी म्हाताऱ्याची बाग होती, खजुराची झाडं आणि बकऱ्या असलेली. ती ताहिर नावाचा सुदानी माणूस सांभाळायचा. सकाळी आधी अजान, मग बकऱ्या, मग स्टेडियमकडे जाणारे डंपर, अशी आवाजांची ठरलेली रांग होती. वर्ल्ड कप यायचा होता. सगळं शहर उकरून ठेवलं होतं. आज ज्या रस्त्याने स्कूलबस गेली तो रस्ता उद्या असेलच याची खात्री नसायची. माझे बाबा त्या वर्ल्ड कपसाठी डक्ट बनवायचे. स्टेडियममध्ये थंड हवा सोडायची होती ना, तिच्यासाठी पत्र्याचे बोगदे. गावाला रत्नागिरीकडे फोन लावला की ते चाचांना सांगायचे, "मेसी घामेजला नाय तर समज, तुज्या भावाचा काम हाय." आई आतून ओरडायची, "आदी आपल्या खोलीतला एशी दुरुस्त करा, मंग मेसीचा बघा!"

बाबा पत्रा ठोकताना ताल धरायचे. त्यांना ते कळायचंही नाही. त्यांचे वडील, म्हणजे माझे दादा, आमच्या गावच्या रातीबचे म्होरके होते. कोकणातल्या आम्हा मुसलमानांमध्ये रातीब म्हणजे डफाच्या तालावर पिराची, पैगंबरांची याद करत बसायचं. दोन रांगा समोरासमोर, सगळ्यांच्या हातात डफ, आणि आवाज चढत चढत असा जातो की ऐकणाऱ्याच्या पाठीला काटा येतो. ऐकणाऱ्या बायका पडद्यामागे. दादांचा डफ त्यांच्या पश्चात गावच्या घरी चाचांकडे भिंतीवर होता. सात वर्षांची असताना मी स्टुलावर चढून तो खाली काढला होता, आणि बाबांनी माझ्या हातावर अशी चापट मारली होती की बोटं उमटली. "पोरीच्या जातीनं डफाला हात लावायचा नाय." बाबांनी आयुष्यात मला मारलेली ती एकच चापट. तिचं कारण मी कधी विसरले नाही. बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. त्यामुळे तो डफ कुणाचाच नव्हता.

इद्रिस चाचा आमच्याकडे आले ते या ठोकाठोकीमुळेच. ते स्टेडियमवर वेल्डिंग तपासायचे. मूळ मोरोक्कोचे, पण जन्म आणि वाढ ब्रसेल्सची, म्हणजे पासपोर्ट युरोपचा, पगार युरोपचा, आणि राहायला द पर्ल, जिथे खिडकीतून बोटी दिसतात. एका दुपारी बाबा जेवणाच्या सुट्टीत पत्र्यावर बोटांनी काहीतरी वाजवत बसले होते. हे साहेब उभे राहून ऐकत राहिले, मग खाली पडलेल्या पत्र्याच्या दोन कापट्या उचलल्या आणि त्यांनी उत्तर दिलं. बाबा घरी येऊन सांगत होते, "अगो, त्यानं माजा ताल उचलला आणि दुप्पट करून परत दिला! काय माणूस हाय!" दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मोडकी अरबी, थोडं इंग्रजी आणि दोघांनी पाहिलेले हिंदी सिनेमे, एवढ्यावर त्यांचं मेतकूट जमलं. पुढच्या आठवड्यात बाबांनी त्यांना करकब बनवून दिले. करकब म्हणजे लोखंडाच्या मोठ्या चिपळ्या, दोन दोन वाट्या जोडाव्यात तशा. बाबांनी जाड पत्र्याला गोल हातोडीने पोट आणलं, कडा घासल्या, चामड्याची वादी बांधली. इद्रिस चाचांनी ते वाजवले तेव्हा ताहिरच्या बकऱ्या दाव्याला हिसके द्यायला लागल्या.

मग दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की बैठक आमच्याकडे. द पर्लला शेजारी तक्रार करायचे. आमच्याकडे शेजारीच मांडी घालून ऐकायला यायचे, केरळी, नेपाळी, एक पाकिस्तानी क्रेनवाला. इद्रिस चाचा गनावा होते. फार पूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून मोरोक्कोत आणलेल्या माणसांचं हे गाणं. त्यात अल्ला, पैगंबर, पीर-वली आणि अंगात येणारे सात रंगांचे अदृश्य पाहुणे, सगळे एका पंगतीला बसतात. एकेका रंगाचं गाणं लागलं की ज्याला तो रंग लागू आहे तो उठतो आणि झुलतो, आणि त्याचं दुखणं हलकं होतं म्हणे. आईला आधी ते पटत नव्हतं. "आपण हय कमवूक आलाव, अंगात आणूक नाय," असं ती म्हणायची. पण गाणं सुरू झालं की ती स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं ठेवायची, हे मी पाहिलेलं आहे.

करकब इद्रिस चाचा आणि बाबा वाजवायचे. मुख्य वाद्य मात्र होतं गिंब्री. एका ओंडक्यातून कोरलेलं लांबट खोकं, त्यावर उंटाच्या मानेचं चामडं, आतड्याच्या तीन तारा. आवाज खोल, विहिरीतून कुणीतरी हाक मारावी तसा. आणि ती वाजवायची नवाल, इद्रिस चाचांची मुलगी. माझ्याच वयाची, पंधरा वर्षांची. गिंब्री मांडीवर आडवी घ्यायची, डोकं एका बाजूला कलतं करायची, आणि अख्खं अंगण, मोठमोठे मिशीवाले पुरुष, तिच्या बोटांच्या मागून चालायला लागायचे. पहिल्या शुक्रवारी तिने हात थांबवला तेव्हा माझे बाबा म्हणाले, "वा! वा बेटी! सुभानल्ला!" मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. बेटी! मी बाबांचा चेहरा पाहिला. माझ्या नववीच्या निकालाला तो चेहरा असा झाला नव्हता.

मला वाटलं होतं मोरोक्कोत मुलींना वाजवायची पद्धत असेल. तसंही नव्हतं. हे इद्रिस चाचांनीच एकदा सांगितलं, आईने केलेलं सांदण नारळाच्या रसात बुडवून खाता खाता. त्यांच्या तिकडेही गिंब्री पुरुषांचीच. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून चेल्याकडे. पण ब्रसेल्सला त्यांच्या उस्तादाने, जे आयुष्यभर ट्राम कंपनीत रूळ बदलायचं काम करत होते, चहाच्या दुकानाखालच्या तळघरात बैठक सुरू केली तेव्हा माणसं जेमतेम पाच होती. पोरं फुटबॉलला जायची. पोरी मात्र यायच्या. उस्तादांनी वर्षभर विचार केला आणि म्हणाले, रूळ असतो तिथेच गाडी जाते, पण रूळ बदलायलाही माणूस ठेवलेला असतो. आणि पोरींच्या हातात करकब दिले, मग गिंब्री दिली. आता त्या एका शहरात पाच की सहा टोळ्या होत्या. इद्रिस चाचांनी फोनवर आम्हाला दाखवलं, बाहेर बर्फ पडतोय आणि आत तळघरात खच्चून माणसं, मोरोक्कोच्या म्हाताऱ्या, गोरी पोरं, लाल पिवळे रुमाल, आणि मधे नवाल. मोरोक्कोहून लोक ब्रसेल्सला शिकायला येतात, असं ते म्हणाले आणि हसले. आई म्हणाली, "म्हणतात ना, पिकता थय विकत नाय." मला वाटलं, आता बाबांच्या डोक्यात काहीतरी हलेल. त्यांनी फक्त आणखी एक सांदण घेतलं.

आई तरी माझी होती का? तीही नाही. नवालची आई ब्रसेल्सला दवाखान्यात नर्स होती, सुट्टीलाच यायची. त्यामुळे आमच्या आईला पान्हाच फुटला. "पोरीचे केस बघ, पाक सुकले," असं म्हणत तिने नवालला पुढ्यात बसवून खोबरेल तेल चोळलं. माझ्या डोक्याला तेल लावताना आई कोंबडी सोलल्यासारखी लावायची. हिला मात्र बोटांच्या अग्रांनी! नवालला हमूर माशाचा तुकडा पोटाचा, मला शेपटीचा. "पावनी हाय ती." अहो, दर शुक्रवारी येते ती कसली पाहुणी? आणि ती मूर्ख माझ्याशी मैत्री करायला बघायची. इंग्रजीत विचारायची, तुझे वडील इतका चांगला ताल धरतात, तुला शिकवलं नाही? मी म्हणायची, मला अभ्यास असतो. ती सूक वाकिफच्या बाजारातून माझ्यासाठी एक हिरवा रुमाल घेऊन आली होती, तो मी कपाटाच्या तळाशी कोंबला. आज वाटतं, एवढा चांगला रुमाल, निदान बांधायचा तरी होता. पण तेव्हा तिच्या हातची हवासुद्धा मला नको होती.

शेवटी मी बाबांना विचारलं. ते शेडमध्ये कडा वळवत होते. मी म्हटलं, "बाबा, नवाल वाजवते ते तुम्हाला आवडतं?"

"मंग! काय हात हाय पोरीचा."

"मग मी डफ शिकले तर?"

हातोडी थांबली. "ती त्येंची रीत हाय, जुबी. आपल्यात नाय."

"त्यांच्यातपण नव्हती. त्यांनी केली."

"तुज्या दादाची मान खाली जाईल."

"दादा वारलेत, बाबा."

"म्हनूनच," ते म्हणाले, "जित्ता असता तर भांडलो असतो." आणि पुन्हा ठोकायला लागले. त्या ठोकण्यात ताल होता, आणि मला तो उचलून पत्र्यासकट फेकून द्यावासा वाटला.

उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या. वर्गातल्या सगळ्या मुली भारतात गेल्या. आम्ही नाही, कारण स्टेडियमचं काम अडलं होतं आणि बाबांना रजा नव्हती. इद्रिस चाचा आणि नवाल तीन आठवडे ब्रसेल्सला निघाले. गिंब्री आमच्याकडे ठेवून गेले. द पर्लच्या फ्लॅटमधला एसी बंदच करता येत नाही, चामडं कोरडं पडून तडकतं. आणि गिंब्रीच्या टोकाला जो पत्र्याचा झुमका असतो, छनछन करणारा, तो गंजला होता. तोही बाबांनी नवा करून द्यायचा होता. नवालने गिंब्री बाबांच्या हातात दिली आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला. इद्रिस चाचा म्हणाले, परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी ब्रसेल्सचे तीन दोस्त येणार आहेत, स्टेडियमच्या दिव्यांच्या कामाला. त्यांच्यासमोर पूर्ण बैठक नवाल एकटी चालवेल. पहिल्यांदाच. बाबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अमानत हाय. जिवासारखी ठेवीन."

एका बुधवारी बाबा गिंब्री पिकअपमधून वर्कशॉपवर घेऊन गेले, झुमका बसवला, आणि संध्याकाळी परत आणून आतल्या खोलीत कपाटावर ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुरुवारी बाबांची दुपारची पाळी होती; जेवून ते झोपले, आईही झोपली. मी गिंब्री खाली काढली. मला फक्त एकदा वाजवून बघायची होती, आईशप्पथ. मी नवालसारखी मांडीवर घेतली, मान कलती केली, आणि तार ओढली. थप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. पुन्हा ओढली. थप्प. ऑगस्टची दमट हवा, चामडं सैल पडलेलं. कुणाच्याही हातात ती तशीच वाजली असती. पण मला ते कुठे ठाऊक? तिच्या हातात बोलतेस, आणि माझ्या हातात मुकी काय गं भवाने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात आठवलं, गावाला पुरुष रातीबच्या आधी नारळाची सोडणं पेटवून डफ शेकायचे, म्हणजे चामडं ताणतं आणि आवाज खणखणीत होतो. मी बाबांच्या किल्ल्या घेतल्या, गिंब्री बाहेर नेली, आणि उन्हात उभ्या पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवून काचा बंद केल्या. जरा शेकू दे, असं मी स्वतःला म्हटलं. डफ शेकतात तो दोन मिनिटं, हातात धरून, बोटाने वाजवून बघत बघत. मी दाराला कुलूप लावून आत आले आणि पंख्याखाली आडवी झाले. दोन तास. ऑगस्टमध्ये, कतारमध्ये, बंद गाडीत काय होतं ते तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत होतं. आता या वयात उगाच खोटं कशाला बोलू?

बाबा तीन वाजता निघाले आणि लगेच परत आले. दोन्ही हातांवर गिंब्री, आजारी माणसाला उचलावं तशी. चामडं मधोमध उभं फाटलं होतं, कडेच्या लाकडी खुंट्या बाहेर आल्या होत्या. बाबांचा चेहरा पांढरा. "अगो," ते आईला म्हणाले, "मी गाडीतच इसरलो. काल आणली नाय मी घरात. इसरलो." आई म्हणाली, आणली होती की! मग म्हणाली, की परवा आणली होती? तिलाही खात्री नव्हती. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला माहीत नाही." एवढंच. तीन शब्द.

बाबांनी त्याच दिवशी ब्रसेल्सला फोन लावला. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. पलीकडून इद्रिस चाचा सावकाश एवढं म्हणाले की ते चामडं उस्तादांनी स्वतःच्या हाताने चढवलं होतं, नवाल बारा वर्षांची झाली तेव्हा, आणि उस्ताद आता नाहीत. चामडं कुणीही चढवेल भाई, ते म्हणाले, ते हात कुठून आणू? बाबांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "जुबी, चप्पल घाल. ताहिरकडं जावया."

आणि इथून पुढचे दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण सुख होतं ते होतं. ताहिरने त्याच्या ओळखीच्या खाटकाकडून उंटाच्या मानेचं चामडं आणून दिलं. बाबा दादांच्या हाताखाली डफ मढवायला शिकले होते, पण मदतीला दुसरे हात लागतात, आणि घरात दुसरे हात माझेच होते. मोरीत टबात चामडं भिजत पडलं. वास असा की आईने दोन दिवस ओढणीने नाक बांधून भाकऱ्या भाजल्या, आणि म्हणाली, "तलाक देईन तर याच चामड्यापायी देईन." बाबांनी मला बोथट सुरीने केस खरवडायला शिकवलं, तिरपी धरायची, रेटायचं नाही. पातळ झालं की नाही ते डोळ्याने बघायचं नाही, गालाला लावून बघायचं. मग ओलं चामडं खोक्यावर चढवायचं. एकाने ओढायचं, एकाने खुंटी ठोकायची. "ओढ. आजून ओढ. मेल्या म्हशीसारी काय ओढतंस, जिवानिशी ओढ!" मी ओढत होते आणि माझं ऊर भरून येत होतं. मग सावलीत सुकवायचं, वर ओलं फडकं घालून, म्हणजे एकदम आकसणार नाही. दर तासाने फडकं भिजवायचं काम माझं. बाबा शेडमध्ये बसून मला दादांच्या गोष्टी सांगायचे, ज्या त्यांनी कधीच सांगितल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी त्यांनी चामड्यावर टिचकी मारली, ऐकलं, आणि म्हणाले, "हात बरा हाय तुजा. बापाच्या घरचा हाय." आणि त्या संध्याकाळी त्यांनी चाचांना गावी फोन केला. बापाचा डफ धाडून दे, म्हणाले. कोणासाठी? "जुबीसाठी." पलीकडे चाचा ओरडत होते ते मला दूरवर बसून ऐकू येत होतं. बाबा शांतपणे म्हणाले, "हय माणसा नायत, भावा. जी हायत त्येंच्या हातात द्यायचा."

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त एक गोष्ट बिघडत होती, ती म्हणजे बाबा. दादा शेवटच्या वर्षांत सगळं विसरले होते, स्वतःच्या मुलाला "कोन तुमी?" विचारायचे. बाबांना वाटायला लागलं की आपलंही तेच सुरू झालं. ते रोज सकाळी गाडीची किल्ली खिशात आहे ना ते तीनतीनदा चाचपायचे. आईला विचारायचे, "मी आता जेवलो ना?" आणि हसायचे, पण ते हसणं खरं नव्हतं. वर्कशॉपला मापं लिहून नेऊनही तिथून फोन करायचे, कागद घरी राहिला का बघ. कागद त्यांच्या खिशातच असायचा. एकदा अंगणात मला म्हणाले, "जुबी, तुला आटवतंय का गो, बुदवारी मी ती घरात आणली का नाय? मला सपष्ट दिसतंय की आणली. कपाटावर ठेवली. मंग ते दिसतंय ते काय?" मी फडकं पिळत होते. पिळतच राहिले.

डफ गुरुवारी आला, गावचाच एक माणूस कामावर रुजू व्हायला येत होता त्याच्या बॅगेतून, आईच्या गावी राहिलेल्या जुन्या नायलॉनच्या साडीत गुंडाळून. दुसऱ्या दिवशी नवाल येणार होती. बाबांनी साडी सोडली. बोटांनी कड पुसली, आणि डफ माझ्यासमोर धरला. "घे." मी हात पुढे करायला गेले आणि ते पुढे जाईनात. मला रडूही येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही विसरला नव्हता. मी ठेवली गाडीत."

"काय?"

"तुम्ही बुधवारी आणली होती घरात. कपाटावर ठेवली होती. मी काढली. किल्ल्या घेतल्या. मीच ठेवली उन्हात. मला माहीत होतं काय होईल ते."

मला वाटलं आता चापट पडणार, आणि पडलेली बरी. बाबांनी डफ बाजूला ठेवला. मग ते उठले आणि मोठ्याने ओरडले, "अगो! अगो, हय ये! मी इसरलो नव्हतो! कपाटावरच ठेवली होती मी! बापासारा नाय झाला मला!" आई पिठाच्या हातांनी धावत आली. बाबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं होतं मला शिक्षा होईल. मला कल्पनाच नव्हती की मी त्या माणसाला पंधरा दिवस जिवंतपणी गाडून ठेवलं होतं. हसणं ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी लिहू शकत नाही. म्हणाले, "डफ तुजाच. दिलेला परत घेत नाय. पण उद्या त्या पोरीला तू सांगशील. तुज्या तोंडानं. आणि बैठकीत मागं बसशील, वाजवायचा नाय."

नवालला मी शेडच्या मागे नेऊन सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, तरी सोपं गेलं नाही. तिने मला मिठी मारली नाही, ठीक आहे म्हणाली नाही. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, माझे बाबा तुझ्याकडे बघतात म्हणून. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी एखादी अगदी बारीक, घाणेरडी वस्तू आहे. मग म्हणाली, "मला तू आवडायचीस," आणि निघून गेली. आवडायचीस. आजवर कुणी मला त्याहून वाईट शिवी दिलेली नाही.

ब्रसेल्सचे तिघे आले होते. आईने घावन आणि खिमा केला होता, लोबानाचा धूर अंगणात पसरला होता. नवालने गिंब्री मांडीवर घेतली, नव्या चामड्यावर तळवा टेकवला, एकदा तार ओढली आणि थांबली. आवाज वेगळा होता. सगळ्यांना कळलं. तिने मान खाली घातली, आणि वाजवायला लागली. आधी अडखळत, मग हळूहळू ती त्या नव्या आवाजाला आत घेऊन गेली. करकब सुरू झाले. तिघांतला एक म्हातारा उठून झुलायला लागला. मी सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले होते, डफ मांडीवर पालथा. समोर बाबा. त्यांनी करकब खाली ठेवले, डोळे मिटले, आणि "सुभानल्ला" म्हणाले. कबुली देऊन मला तासही झाला नव्हता, आणि माझ्या पोटात पुन्हा तेच. तेच जुनं, काळंकुट्ट. मी सुधारलेच नव्हते हो! मी डफ उलटा केला आणि मारली थाप.

चुकली ती. दुसरीही चुकली. पाकिस्तानी क्रेनवाल्याने मागे वळून पाहिलं. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. वाटलं, आता उठतील आणि काढून घेतील. ते उठले नाहीत. त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि एका बोटाने मात्रा दाखवायला लागले, सावकाश, माझ्यासाठी. एक. दोन. तीन, आणि थांब. एक. दोन. तीन, आणि थांब. मी त्या बोटाकडे बघत वाजवत राहिले. पूर्ण बैठक संपेपर्यंत मी नवालकडे एकदाही पाहिलं नाही.